चारचा पहारा

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मंडपात देवासमोर एक जण गळ्यात वीणा घालून उभा असतो. दोन तासांनी दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. त्या दोन तासांना पहारा म्हणायचं. एका वर्षी मंडपाच्या कापडाला आग लागली, लोक पळाले, तेव्हाही वीणेकरी वीणा छातीशी धरूनच बाहेर आला होता. धोतर जळालं, वीणा टेकली नाही.

यंदा पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता वीणा खाली टेकली. टेकवणारा मी.

मी रंगराव. वय एकाहत्तर. गाव अमडापूरपासून दोन कोसांवर, मळ्यात वांगी, मिरची, थोडा कांदा. चाळीस वर्षांपासून मी सप्ताहाचा वीणेकरी आहे आणि कीर्तनाचं म्हणाल तर मला दुसरं व्यसन नाही. साखरखेर्ड्याला कीर्तन आहे असं कळलं की एसटी नसली तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जातो. महाराज नवे असोत, जुने असोत, नुसते ओरडणारे असोत, मी पुढच्या रांगेत. आमची मंडळी, सुभद्राबाई, म्हणते, "तुमाले कीर्तन म्हंजे शेंगदाने. एखादा खवट निंगाला तरी चावून मोकळे."

ती वीणा मला चार वाजता भाऊरावच्या गळ्यात घालायची होती.

भाऊराव माझ्या वयाचा. बौद्धवाड्यात राहतो. दोघं एकाच वर्षी शाळेत बसलो, एकाच वर्षी शाळा सोडली. त्याच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. जयंतीला विहारात तो गातो तेव्हा आमच्या ओसरीपर्यंत आवाज येतो, आणि काय आवाज! वरच्या पट्टीत गेला तरी फाटत नाही. दर गुरुवारी आमच्या भजनात येऊन बसतो. मूर्तीला हात जोडत नाही. कोणी टोकलं तर हसून म्हणतो, "मी देवासाठी नाई येत बाबा. पेटीसाठी येतो." मी त्याला तू म्हणतो, तो मला तुमी. शाळेत दोघंही तू होतो. मधे कधी बदललं, ते मला आठवत नाही.

त्याला पहारा द्यावा, ही कल्पना माझी. सप्ताहाआधीच्या बैठकीत मी ती मांडली. समितीचा अध्यक्ष हरिओम, पस्तिशीचा, कृषी केंद्र चालवतो. तो मोबाइल पालथा ठेवून माझ्याकडं पाहत राहिला. कोणीतरी म्हणालं, "त्याले देव चालत नाई, मंग वीना कशी चालंल?"

मग मी बोललो. चाळीस वर्षं ऐकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. देवाच्या दारात लहान कोण, मोठा कोण. सुराला जात असते का. ज्याच्या गळ्यात देवानं एवढा गोडवा ठेवला त्याच्या गळ्यात आपण लाकडाचा भोपळा घालायला का भ्यायचं. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. माझे स्वतःचे डोळे तर आधीच भरले होते.

"आबा," हरिओम म्हणाला, "आता तुमीच फेटा बांधा अन् महाराज व्हा." हशा झाला आणि विषय मंजूर झाला. पाचवा दिवस. दोन ते चार मी, चार ते सहा भाऊराव. म्हणजे वीणा माझ्याच हातानं त्याला मिळेल. हेही मीच मागून घेतलं.

भाऊरावला सांगायला गेलो तर तो खूश दिसला नाही. "कशाले उगा, रंगराव? मले गायाले भेटते, तेवढं बस आहे."

"माह्यासाठी ये."

त्याचा मुलगा रवी, शाळेत मास्तर, दारात उभा होता. तो मला नाही, बापाला म्हणाला, "बाबा, गायाले बलावतात ते समजलं. पंगतीत कोनाजवळ बसवतात ते पायलं का कधी?"

"तू चूप बे," भाऊराव म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "तुमच्यासाठी म्हनता तं येतो."

आला. चारला पाच कमी असताना आला. पांढरा सदरा, नवीन, घड्या तशाच दिसत होत्या. हातपाय धुऊन आला होता, पायांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. टाळकरी जोरात आले. मी वीणा गळ्यातून काढली. भाऊरावनं मान पुढं केली.

आणि मी वाकलो. वीणा सतरंजीवर, त्याच्या पायांपुढं ठेवली. नीट आडवी ठेवली. आणि दोन पावलं मागं सरलो.

टाळ थांबले. पेटीवाल्याचं बोट एकाच सुरावर राहून गेलं, तो सूर कितीतरी वेळ वाजत होता. भाऊरावची मान अजून पुढंच होती. मग तीच वर झाली आणि सगळ्यात आधी तोच ओरडला, "चक्कर आली! रंगरावले चक्कर आली, धरा त्याईले, पानी आना!" त्यानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. मी बसलो, कारण त्यानं बसवलं.

हरिओमनं वीणा झडप घालून उचलली आणि आपल्या गळ्यात घातली. महाराजांनी चांगल्या शब्दांत सांभाळून घेतलं. वीणेला अभिषेक झाला, सप्ताह एक दिवस वाढवला. मागून कोणीतरी म्हणालं, "देवानंच घेऊ नाई देली." ते भाऊरावनं ऐकलं, कारण मी ऐकलं आणि तो माझ्याच शेजारी होता. चार ते सहाचा पहारा हरिओमनं केला. भाऊरावला नाही असं कोणी म्हटलं नाही. घे असं म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

चिखलीच्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, साखर पाहिली. "आबा, नातवाच्या लग्नात नाचाल," म्हणाला. तरी एक गोळी मागून घेतली. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी चक्कर सांगत होतो. डोळ्यांपुढं अंधारी, कानात घूं, पायाखालून सतरंजी सरकल्यासारखी. इतक्या वेळा सांगितलं की मला ती अंधारी आठवायला लागली.

रविवारी नात आली. प्रतीक्षा, मुलाची मुलगी. मानसशास्त्र शिकली आणि बुलढाण्यात लोकांची मनं ऐकण्याचं काम करते. घरातले तिला चिडवतात, "तुह्यं बरं आहे, लोकाईनं रडायचं अन् तू हाव हाव म्हनायचं." ती ओसरीवर माझ्याजवळ बसली. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आबा, चक्कर आलेला माणूस पडतो. ठेवत नाही."

"कोनं सांगतलं तुले?"

तिनं मोबाइल पुढं केला. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला व्हिडिओ. मी मला पाहिलं. म्हातारा वाकतो. दोन्ही हातांनी वीणा ठेवतो, तिचा भोपळा कलू नये म्हणून एक बोट लावून सारखा करतो. मग दोन पावलं मागं. एक, दोन. मोजून टाकल्यासारखी.

"आबा, मनाचा एक भाग आपल्यालाच दिसत नाही," ती हळू बोलत होती. "अबोध मन म्हणतात. जे सहन होत नाही ते आपण तिकडं ढकलतो अन् विसरतो. ढकललं हेही विसरतो. पण ते तिथं मरत नाही. कधी तोंडातून निघून जातं, कधी हातून होऊन जातं."

"म्हंजे मी ढोंगी?"

"ढोंगी माणसाला ठाऊक असतं, आपण ढोंग करतो ते. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मंग बैठकीत बोललो ते?"

"ते खोटं नव्हतं." तिनं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "पण आबा, एवढ्या जोरानं का बोलावं लागलं? शेजारच्याला पाणी द्यायला कोणी भाषण करतं का? कधी कधी आतलं वर येऊ नये म्हणून माणूस उलटं जोरजोरात धरून ठेवतो."

मी दाणे टोपल्यात टाकले आणि उठलो. "तुह्या बापानं तुले शिकोलं ते आजाले शिकवाले काय?" असं काहीतरी ओरडलो. जेवताना तिच्याशी बोललो नाही. सुभद्राबाई म्हणाली, "पोरगी चार दिवसांसाठी आली अन् तुमी तोंड फुगवून बसा." पोरीनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी एवढा का चिडलो, हे पोरीला कळलं होतं. मला नव्हतं.

सकाळी मिरचीतली निंदणारी बाई ताक मागायला दारात आली. सुभद्राबाईचे हात पिठात होते. तिनं मनगटानंच ताकाचा गडवा सरकवून पायरीवर ठेवला. "पाय, तठी ठेवला आहे, घे बाई." त्यात काही नव्हतं. हात पिठाचे होते. बाईनं वाकून गडवा उचलला आणि माझ्या अंगावरून पाणी ओतल्यासारखं झालं.

खरंच पाणी. पौषातलं, विहिरीचं.

मी सातेक वर्षांचा. भाऊरावची माय तानाबाई रोज सकाळी ताकाला यायची, भाऊराव तिचा पदर धरून. ताक द्यायचं काम माझं. माझ्या मायनं शिकवलं होतं, "हातात नाई द्याचं. खाली ठेवाचं अन् मांगं सराचं. दोन पावलं." मी शाळेत नवानवा जायला लागलो होतो, भाऊराव माझ्या पाटीवर लिहायचा, मी त्याच्या. एक दिवस मी गडवा सरळ त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं, आम्ही दोघं हसलो.

मायनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझे कपडे उतरवले, विहिरीवर नेलं आणि एकामागून एक बादल्या ओतल्या. ओतताना रडत होती. "आता मी तुले जवळ कशी घेऊ रे, लेकरा?" म्हणत होती. संध्याकाळपर्यंत तिनं मला हात लावला नाही. मी तिच्या मागं मागं फिरलो, ती सरकत राहिली. दिवा लागल्यावर पोटाशी घेतलं आणि रोजच्यासारखं गाऊ लागली. देवाचं गाणं. माझी सगळी भक्ती त्या मांडीवरची आहे. कीर्तनात मला जे रडू येतं ते तिथलंच. आणि दुसऱ्या सकाळी मी गडवा खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरलो. मग रोज.

इतकी वर्षं महाराज सांगतात, मन चंचल आहे, माकड आहे. मी मान डोलावत होतो. माझं माकड कुठं बसलं होतं? मायच्या मांडीवर. मी तिथं कधी पाहिलंच नाही, कारण तिथं देव आहे असं मला वाटत होतं.

प्रतीक्षाला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली. मी धोतर सारखं करून चपला शोधायला लागलो तेव्हा म्हणाली, "कुठं?"

"भाऊरावकडं. त्याले सांगाले पायजे."

"थांबा आबा. समजलं म्हणजे लगेच जाऊन सांगायचं असं नसतं. हे कोणासाठी सांगता, ते आधी पाहा."

"पाप बोलून टाकलं की धुतलं जाते, पोरी. कीर्तनात ऐकलं नाई का?"

"धुतलेलं पाणी कुठंतरी वाहतं, आबा."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. रोग सापडल्यावर होतो तसा. सगळी वाट मी मनात शब्द जुळवत गेलो. चांगले जुळले होते.

भाऊराव अंगणात लाल मिरच्यांची देठं काढत बसला होता. रवीची मुलगी समता पाणी घेऊन आली, "बसा आबा," म्हणाली, खुर्ची दिली. मी खुर्ची सोडून भाऊरावसमोर जमिनीवर बसलो. तेव्हा त्याचे हात पहिल्यांदा थबकले. "वर बसा," म्हणाला. मी बसलो नाही. सांगितलं. गडवा, विहीर, माय, दोन पावलं. चक्कर आली नव्हती. डोळे पुसत पुसत सांगितलं. समता दारातच उभी होती. भाऊरावनं तिला आत जा म्हटलं, ती अर्ध्यातच थांबली.

मी थांबल्यावर त्यानं चार-पाच मिरच्यांची देठं काढली. मग म्हणाला, "झालं?"

"हाव."

"हलकं वाटून राह्यलं?"

खोटं बोलवलं नाही. "हाव."

"मंग आता मी काय करू, रंगराव?"

मी खाली पडलेलं एक देठ उचललं.

"मले हे ठाऊक नव्हतं काय? तुमी वाकले ना, तवाच मले माह्या मायचा ताकाचा गडवा दिसला. तुमच्या पयले दिसला. तुमी विसरले असान. ज्यानं उचलला थो कसा विसरंल?"

"मंग तू चक्कर आली म्हनून काऊन ओरडला?"

"काऊन म्हंजे?" तो पहिल्यांदा माझ्याकडं बघत म्हणाला. "उद्या कोनासंगं गाऊ मंग? चक्कर म्हटलं तं गुरुवार राहत होता. मले ठाऊक, तुमाले ठाऊक नाई, अन् गुरुवार चालू. साठ वर्सं असंच चालू होतं. कोनाचं काय बिघडत होतं?"

"भाऊराव, मले माफ कर."

"वीना मांगतली होती मी?" आवाज चढला नाही. वरच्या पट्टीत न फाटणारा तो आवाज खालीच राहिला. "सांगा ना. मांगतली होती? मी म्हटलं, गायाले भेटते तेवढं बस आहे. तुमी म्हटलं, माह्यासाठी ये. तुमच्यासाठी आलो. तुमाले कोनाले तरी दाखवाचं होतं. मले नाई. गावालेबी नाई. आता समजलं, कोनाले ते. तुमच्या मायले."

मी हात जोडले. ते त्यानं पाहिले नाहीत.

"त्या दिवशी घरी आलो तं रवी म्हने, आबानं मुद्दाम केलं. ह्याच अंगनात म्हटलं. मी म्हटलं, रंगरावले चक्कर आली. थो म्हने, बाबा तुमी आंधळे आहा. मी त्याले थापड मारली. बेचाळीस वर्साचा पोरगा, मास्तर आहे, लोकाचे लेकरं शिकवते. समताच्या समोर मारली. का, तं तुमच्या चकरेसाठी. अन् मले तवा ठाऊक होतं, थो खरं बोलून राह्यला."

"मी रवीले सांगतो. मी त्याच्या पाया पडतो."

"नका पडू. तुमी कोनाच्या पाया पडले की मंग आमालेच तुमाले उचला लागते." त्यानं हातावरचं मिरचीचं तिखट सदऱ्याला पुसलं. तो सदरा तोच होता, घड्या आता गेल्या होत्या. "तुमच्या माफीचं मंग पाहू. पयले मले माह्या पोराची मांगू द्या. चक्कर होती तवर मले मांगाची गरज नव्हती. तुमी ते घालवलं."

मग त्यानं हाक मारली. "रवी!"

रवी आतून आला. हातात शाळेचं कोणतं तरी रजिस्टर होतं, बोट पानात तसंच. मला जमिनीवर बसलेलं पाहून तो जागच्या जागी थांबला. मला वाटलं आता हा बोलेल. जे काय बोलेल ते ऐकायची माझी तयारी होती, खरं तर तेच मला हवं होतं.

भाऊराव उठला. गुडघ्याला हात देऊन, हळूहळू. रवीसमोर जाऊन उभा राहिला.

"तू म्हनला ते खरं होतं," म्हणाला. "चक्कर नव्हती. मले ठाऊक होतं तरी मी तुले मारलं." आणि ज्या माणसानं आमच्या देवळात साठ वर्षांत कधी हात जोडले नाहीत, त्यानं मुलापुढं हात जोडले.

"बाबा, काय करून राह्यले हे," रवी म्हणाला. रजिस्टर खाली पडलं. त्यानं बापाचे दोन्ही हात धरले, खाली केले, आणि धरूनच त्याला आत नेलं. समता दारातून बाजूला झाली, त्यांना जाऊ दिलं आणि त्यांच्या मागं गेली.

मी अंगणात बसून होतो. आतून कोणीतरी रडत होतं. बाप की मुलगा, ते समजलं नाही. बऱ्याच वेळानं समता बाहेर आली. पडलेलं रजिस्टर उचललं, धूळ झटकली. ती माझ्याकडं रागानं पाहील असं मला वाटलं होतं. पण तिनं फक्त, पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं, "आबा, ते आता बाहेर नाही यायचे."